कोठीतल्या बाई

या बाईंना शाळेत स्वतःची खोली नव्हती. तळमजल्यावर जिन्याशेजारी खेळाचं सामान ठेवायची कोठी होती. दर मंगळवारी तिथे एक टेबल आणि तीन खुर्च्या मांडून त्या बसायच्या. म्हणून मुलं त्यांना कोठीतल्या बाई म्हणायची, आणि मोठी माणसंही तेच म्हणायला लागली होती. बाईंना ते माहीत होतं. एकदा फोनवर त्यांना स्वतःच सांगताना मी ऐकलं, "हां, बोला, कोठीतलीच बोलतेय."

ज्या मुलांचं बोलणं अडतं त्यांच्याबरोबर काम करणं ही त्यांची नोकरी. मला आधी वाटायचं, अशी मुलं म्हणजे मुकी किंवा बहिरी. तसं नसतं. बाईंकडे येणारा एक मुलगा प्रत्येक वाक्याच्या पहिल्याच अक्षरावर अडकायचा. एकाचा 'क' वयाच्या नवव्या वर्षीही 'त' व्हायचा. आणि तिसरीतली माझी नात. तिचं प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. पण हवा तो शब्द हवा तेव्हा तिला सापडायचा नाही, आणि समोरच्याचं वाक्य लांबलं की त्यातलं पहिलं किंवा शेवटचं तेवढंच हाती लागायचं.

कात्री हवी असली की ती म्हणायची, "ते दे. कागद करतात ते." तिला घरात आम्ही भिंगरी म्हणतो, कारण बोलणं अडलं की ती हातांनी, डोळ्यांनी, सगळ्या अंगाने सांगायला बघते. वर्गात त्याचा उपयोग नाही. वर्गशिक्षिका म्हणायच्या, वही काढा, तारीख घाला आणि फळ्यावरची पहिली तीन गणितं उतरवा. भिंगरी वही काढायची आणि शेजारणीच्या वहीकडे बघत बसायची. तारखेचं आणि गणितांचं तिच्यापर्यंत पोचलेलंच नसायचं. शेजारीण वहीवर हात धरायची. मग भिंगरी खिडकीबाहेर बघायची. प्रगतिपुस्तकात दोन वर्षं तोच शेरा होता: लक्ष देत नाही, कष्ट घेत नाही.

तो शेरा मला पटला होता. मी चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर काम केलं. कामचुकार माणूस मला लांबून ओळखता येतो. खिडकीबाहेर बघणारा माणूस कामचुकार, हा माझा हिशेब. मुलगा बाहेरगावी कामाला, सुनेला इस्पितळात पाळ्यांची नोकरी, त्यामुळे नातीला शाळेत नेणं-आणणं माझ्याकडे. पहिल्या भेटीत मी बाईंना सांगून टाकलं की मुलगी हुशार आहे, पण आळशी आहे.

बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी परक्या भाषेच्या गावात काम केलंय?"

"केलंय. दोन वर्षं."

"संध्याकाळी डोकं दुखायचं?"

"दुखायचं."

"काम जड होतं म्हणून?"

मी म्हणालो, काम तेच होतं. दिवसभर लोक काय म्हणतात ते पकडता पकडता डोकं उठायचं.

"हिचं रोज उठतं," बाई म्हणाल्या. "आणि ही आपल्याच भाषेच्या गावात आहे."

तेव्हापासून मी त्यांचं काम बघायला लागलो. पहिल्या मंगळवारी त्यांनी भिंगरीची चाचणी घेतली, तेव्हा घरचं एक माणूस सोबत बसवायचं असतं म्हणून मी आत होतो. पुढच्या दोन मंगळवारीही बसलो. चौथ्याला त्यांनी मला बाहेर काढलं. कारण असं की बाई प्रश्न विचारून थांबायच्या. टेबलाच्या कडेवर एकेक बोट दाबत मनात दहा मोजायच्या. मला पाचाच्या पुढे धीर निघायचा नाही. मी शब्द सांगून मोकळा व्हायचो. शिवाय भिंगरी काही चुकीचं बोलली की मी म्हणायचो, नीट म्हण, पुन्हा म्हण. बाई तसं करायच्या नाहीत. ती म्हणाली, "मी काल पडते," तर बाई म्हणायच्या, "काल पडलीस? कुठे पडलीस?" आणि पुढे जायच्या. बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं, बस. मला ते ढिलं काम वाटायचं. चूक दिसली की काम थांबवायचं, हेच मी शिकलो होतो.

"आजोबा, बाहेर बाक आहे," बाई म्हणाल्या. बाक चांगला होता. कोठीचं दार मात्र चटईच्या गुंडाळीमुळे पूर्ण लागायचं नाही, त्यामुळे मला सगळं दिसायचं.

एखादं मूल वर्गातून उशिरा आलं की त्या रिकाम्या मिनिटांत बाई माझ्याशी बोलायच्या. त्या नऊ वर्षं चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या. पट कमी झाला आणि तुकडी बंद पडली. त्यांना दोन पर्याय दिले, ग्रंथालय किंवा हे प्रशिक्षण. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर होतं. "मला या कामात गुडघ्याने आणलं," त्या सांगायच्या. पाच दिवस, पाच शाळा, एकसष्ट मुलं, प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास. छापील चित्रांत मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तू असायच्या, म्हणून चित्रं त्या स्वतः काढायच्या. चाकाची बॅग, त्यात चित्रं, आरसा, खडू आणि गरम पाण्याचा थर्मास. शुक्रवारपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असायचा. "घरी सासूबाईंना ऐकू येत नाही," त्या म्हणायच्या, "त्यामुळे शुक्रवारी आमचं दोघींचं फार छान जमतं."

तो अर्धा तासही कधी पुरा मिळायचा नाही. खेळाचे सर चेंडूंची पिशवी न्यायला यायचे आणि दहा मिनिटांनी दोऱ्या न्यायला. दर वेळी म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या." शिपाई खुर्च्या उचलून न्यायचा. परीक्षा आल्या की कोठीत बाकं रचायचे आणि बाई व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. जे मूल चार लोकांसमोर तोंड उघडत नाही, त्याला त्या गर्दीत बोलतं करायचं. मी मोजलं होतं. वर्षात भिंगरीला तीस अर्धे तास मिळायला हवे होते, मिळाले एकोणीस. बाई दर वेळी मुख्याध्यापकांना लेखी कळवायच्या. मुख्याध्यापक दर वेळी म्हणायचे, बघतो.

तरीही एकोणीस अर्ध्या तासांत फरक पडत होता. भिंगरी आता "समजलं नाही" म्हणायची. आधी ती फक्त मान हलवायची. बाईंच्या मते ही मोठी कमाई होती. मला त्यात काही कमाई दिसली नव्हती.

बाईंकडे वर्ष भरलं की पुन्हा तीच चाचणी होणार होती. महिनाभर आधी मी बाकावर बसलेलो असताना मुख्याध्यापक वर्गशिक्षिकेला म्हणाले, "तिचं काय करायचं ते चाचणीनंतर ठरवू." ते एवढंच बोलले आणि जिना चढून गेले. आमच्या कारखान्यात तयार माल गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायचे. बसला तर पेटीत, नाही बसला तर भंगारात. मी ठरवून टाकलं की भिंगरी नापास झाली तर तिला या शाळेतून काढणार. कोणाला विचारलं नाही. बाई चार पावलांवर होत्या, त्यांनाही नाही.

मी कामाला लागलो. यंत्राच्या भागाचा एकदा पाहिलेला नकाशा सहा महिन्यांनीही मला आठवतो, त्याच्यावरच मी पोट भरलं. चाचणीच्या पुस्तकात साठ चित्रं होती. मला बावन्न आठवली. जुन्या मासिकांतून काही कापली, उरलेली काढली. चाचणीत रंगीत गोल आणि चौकोन असतात. लाल मोठा गोल उचल, मग निळा चौकोन पालथा घाल, असं सांगतात. एका जुन्या सोबत्याच्या लेथवर मी ॲल्युमिनियमच्या चकत्या काढल्या, चौकोन कापले, कडा घासल्या, रंगवले. रोज संध्याकाळी दीड तास, चार आठवडे, एकही दिवस खाडा नाही. सून एकदा म्हणाली, "बाबा, ती दमलीय हो." मी म्हणालो, दमू दे. भिंगरी दोनदा रडली. रडून झालं की मी पुढचं चित्र ठेवायचो. चौथ्या आठवड्यात ती मी चित्र उलटायच्या आत शब्द सांगत होती.

चाचणी झाली. बाईंनी बेरीज दोनदा केली. कागदावर एक रेषा छापलेली होती, माझ्या मते पास-नापासाची. तिच्या तीन गुण वर. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या की एवढी झेप त्यांनी अजून पाहिली नव्हती. कागद हातात तसाच होता, आणि त्या भिंगरीकडे बघत होत्या, कागदाकडे नाही. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गुण रेषेच्या वर असल्याने सदर विद्यार्थिनीस यापुढे साहाय्याची आवश्यकता नाही. नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचलं. ती रेषा कशासाठी आहे ते तेव्हा मला कळलं. रेषेच्या खालच्यांना बाई मिळतात. वरच्यांना काही मिळत नाही.

पुढचं त्याहून वाईट होतं. इतके दिवस वर्गशिक्षिकेला थोडी शंका होती की मुलीला खरंच काही अडचण असेल. आता कागदच सांगत होता की अडचण नाही. वहीत शेरा आला, 'मुद्दाम उत्तर देत नाही. वर्तन सुधारावे.' भिंगरीला वेगळ्या बाकावर एकटीला बसवलं. शेजारणीची वही होती, तीही गेली. घटक चाचणीत तिने कोरा कागद दिला. मग निरोप आला की तिला तिसरीतच ठेवायचा विचार आहे. सकाळी फाटकाशी आली की ती पोट धरून खाली बसायची. काय होतंय विचारलं तर म्हणायची, "ते." एवढंच.

मंगळवारी मी चकत्यांची पेटी घेऊन कोठीत गेलो. आत एक लहान मुलगी होती, ती जाईपर्यंत थांबलो. मग पेटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी एक चकती उचलून कडेवरून बोट फिरवलं. काम चांगलं झालं होतं.

"किती दिवस?"

"चार आठवडे. रोज दीड तास."

त्यांनी चकती हातात फिरवली. मग म्हणाल्या, "दीड तास. आणि मी व्हरांड्यात बसून अर्ध्या तासासाठी भांडत होते." चकती खाली ठेवली. "ते तास मला द्यायचे होते, आजोबा. तुम्ही फक्त विचारायचं होतं."

मी म्हणालो की मला वाटलं तिला काढून टाकतील. बाई म्हणाल्या, चूक त्यांचीही होती. ती रेषा कशाची ते घरच्यांना सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि बेरीज करताना खटकलं होतं तरी त्यांनी सही केली होती. मुलीला चित्रं ओळखता येतात का हे ती चाचणी बघत नाही, त्यांनी सांगितलं. समोर नवीन काही आलं तर ती काय करते, ते बघते. आणि आता ते पुस्तक भिंगरीसाठी वर्षभर बाद.

हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. जाडी मोजायचं व्हर्नियर दाबून धरलं की माप हवं ते येतं, घडवलेला जॉब जाड असतो तो जाडच राहतो. आमच्याकडे असं करणाऱ्या पोराला मी दोन दिवस यंत्राला हात लावू दिला नव्हता.

मी विचारलं, मधल्या सुटीत घ्याल का तिला. बाई सरळ नाही म्हणाल्या. तो अर्धा तास त्या गप्प बसायच्या, नाहीतर शेवटच्या चार मुलांना आवाज पुरत नव्हता. मग मी विचारलं, तिची जागा कोणाला दिली. आत्ता बाहेर गेली ती दुसरीतली मुलगी. स्वतःचं नाव सांगताना तिचे डोळे पांढरे होतात. "तिला काढून तुमच्या नातीला घेऊ म्हणता? चला, तिच्या आईला तुम्ही सांगा."

मी चकत्यांची पेटी बंद केली.

बाईंनी अर्ज लिहिला, मी खाली माझा कबुलीजबाब जोडला आणि शिक्षण कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"म्हणजे मार्क जास्त पडले म्हणून तक्रार?"

"हो."

"कमी करून हवेत?"

"हो."

त्याने शेजारच्याला हाक मारून अर्ज वाचायला दिला. शेजारचा हसला नाही, ते त्याचे उपकार. त्याने सांगितलं की असा अर्ज ठेवायला फाइलच नाही. फेरचाचणी बारा महिन्यांनी. त्याआधी नाव परत घालायचं तर मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका दोघांनी स्वतः पाहून लिहून द्यायला हवं. मी तीन खेपा घातल्या तेव्हा हे एवढं कळलं.

बाईंनी मुख्याध्यापकांना गाठलं. या वेळी पत्र दिलं नाही, त्यांच्या दारातच उभ्या राहिल्या. दहा मिनिटं मागितली, शेवटच्या तासाला, कोठीत. मला म्हणाल्या, "तुम्ही आत बसा. तुम्ही बाहेर असलात तर तिचं सगळं लक्ष दाराकडे राहील. पण शब्द द्यायचा नाही. भुवईसुद्धा हलवायची नाही."

त्या मंगळवारी मुख्याध्यापक चटईच्या गुंडाळीवर टेकले, वर्गशिक्षिका खुर्चीवर. मी कोपऱ्यात. बाईंनी त्या सकाळी काढलेलं चित्र टेबलावर ठेवलं. एक बाई शिडीवर चढून भिंत रंगवतेय, पांढऱ्या रंगाची बादली कलंडलीय, खाली कुत्रा झोपलाय. बाई म्हणाल्या, काय चाललंय ते सांग.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली. "बाई वर. त्या... त्याच्यावर." दोन बोटं हवेत चढवून दाखवली. शिडी हा शब्द मी तिला पन्नास वेळा तरी ऐकवला असेल, पण तो त्या साठ चित्रांत नव्हता. "ते पडतं. मग तो... तो पांढरा. झोपतो, मग पांढरा." ती थांबली. पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. कोठीत कोणी हललं नाही. तिचे ओठ हलत होते आणि बाहेर काही येत नव्हतं. वर्गशिक्षिका पुढे झुकल्या आणि शब्द द्यायला तोंड उघडलं.

"बाई, थांबा," कोठीतल्या बाई म्हणाल्या.

मग त्यांनी भिंगरीला साध्या आवाजात सांगितलं, दार लावण्याआधी खुर्ची सरकव आणि खडू मला दे. भिंगरीने खडू दिला आणि उभी राहिली. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. शेवटी वर्गशिक्षिकेच्या चेहऱ्यावर तिची नजर थांबली, मोठी, न हलणारी. पुढचं तिथे कुठेतरी लिहिलेलं असावं, अशी ती बघत होती.

वर्गशिक्षिका खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "वर्गात ही माझ्याकडे अशीच बघते. मला वाटायचं, उर्मटपणा."

दोघांनी लिहून दिलं. कार्यालयाने आठ दिवसांनी नाव यादीत परत घातलं, पण यादीच्या शेवटी. भिंगरीच्या पुढे सोळा मुलं आहेत. या वर्षात तिचा नंबर लागणार नाही, कदाचित पुढच्याही सहामाहीत लागणार नाही. तिला तिसरीत ठेवायचं की नाही, ते वार्षिक परीक्षेपर्यंत लांबलंय. तोवर वर्गशिक्षिका तिला एका वेळी एकच गोष्ट सांगणार, असं बाईंनी कागदावर लिहून त्यांच्याकडून सही घेतलीय. चाळीस मुलांच्या वर्गात त्यांना ते किती वेळा जमेल, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

त्या मंगळवारी कोठीतून बाहेर पडल्यावर भिंगरीने माझा हात धरला नाही. दप्तर मला दिलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर ती वळली.

"तू," ती म्हणाली. "तुला माहीत. तू गप्प."

मला तिला सांगायचं होतं की तू अडतेस हे त्यांनी स्वतः पाहिलं नसतं तर तुला बाई परत मिळाल्या नसत्या, म्हणून मी गप्प बसलो. वाक्य मनात तयार झालं आणि मला कळलं, हे तिच्या उपयोगाचं नाही. त्यात तीन तुकडे होते. मी ते तोडायला बघितलं. कुठेही तोडलं तरी उरलेला तुकडा खोटा ठरत होता.

"हो," मी म्हणालो. "मी गप्प होतो."

तिने मान हलवली आणि माझ्या पुढे चालायला लागली.